आडनावाचा माग काढायला मराठवाड्यातलं कोणतं दफ्तर किती कामाचं

मराठवाड्यात घराण्याचं आडनाव मागे मागे न्यायचं असेल, तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. असतो तो 'मारुती वल्द रामा', म्हणजे रामाचा मुलगा मारुती. मोडी कागदात हेच 'मारुती बिन रामा' असतं, आणि बाई असेल तर 'जौजे' किंवा 'भ्र.' लावून नवऱ्याचं नाव. आडनाव विचारत फिरणारा दहा ठिकाणांहून रिकाम्या हाताने परत येतो. जमिनीचा नंबर धरून जाणारा पोचतो. नकला देणाऱ्या कचेऱ्या, तीर्थक्षेत्रांतल्या गुरुजींच्या वह्या आणि पैसे घेऊन वाचून देणारे भाषांतरकार या सगळ्यांना इथे याच कसोटीवर तोललं आहे: नंबरावरून माणसापर्यंत पोचता येतं का, आणि हाती आलेला कागद खात्रीने वाचता येतो का.

सुरुवात जनगणनेपासून, कारण सगळे तिथेच अडकतात. हैदराबाद संस्थानात पहिली शिरगणती १८८१ साली झाली आणि पुढे दर १० वर्षांनी होत राहिली. पण हाती लागतात ते अहवाल आणि तक्ते: कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीची किती माणसं, किती घरं, किती साक्षर. घरोघरचे मूळ कागद नावानिशी बघायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ तर गणनेच्या नोंदी कुणालाही पाहू देत नाही. १८८४ चं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियरही समाजांची माहिती आणि आकडे देतं, माणसांची नावं देत नाही. 'गॅझेटमध्ये आमच्या पणजोबांचं नाव आहे' असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर आधी पान दाखवायला सांगा. आडनाव शोधायला जनगणनेला पाचपैकी शून्य.

एक अपवाद मात्र सोन्यासारखा आहे. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली. तिच्यात घरवार माणसं आहेत: नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लग्न झालंय की नाही, धंदा. ज्या तहसिलीत ही वही शिल्लक आहे तिथे एका पानावर तीन पिढ्या सापडू शकतात. अर्ज करताना 'जनगणनेची नोंद' असं लिहिलं की 'उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. 'राष्ट्रीय नागरिक रजिस्टर सन १९५१, मौजे अमुक' असंच लिहा.

आता जमीन. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, आणि या कामात एवढ्या पैशात एवढं देणारं दुसरं काही नाही. नावं सगळे बघतात, पण कामाचे असतात ते नावांशेजारी लिहिलेले फेरफार क्रमांक. एकेक फेरफार काढत मागे जायचं. वारसाचा फेरफार आला की मयताचं नाव, वारसांची नावं, नातं आणि तारीख एकाच उताऱ्यावर मिळते. संगणकीकृत सातबाऱ्यात जुने क्रमांक गळालेले असले, तर त्याच गटाचा हस्तलिखित सातबारा मागवा. त्यात खोडलेली, कंस केलेली नावंही दिसतात. पाचपैकी चार. एक गुण कमी, कारण ऑनलाइन फेरफार फार मागचे मिळत नाहीत आणि पुढचा प्रवास पायीच करावा लागतो.

तो प्रवास अडतो गट नंबरावर. एकत्रीकरण योजना झालेल्या गावात जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. गट ११२ घेऊन १९५४ च्या वहीत शोधलंत तर भलत्याच माणसाची जमीन निघेल, आणि नावं सारखी असली तर चूक कळणारही नाही. म्हणून तहसिलीच्या आधी मोजणी ऑफिस, म्हणजे उपअधीक्षक भूमी अभिलेख. तिथे एकत्रीकरण योजनेचा, जुना-नवा नंबर शेजारी शेजारी दाखवणारा उतारा मागायचा. क्षेत्र जुळत नसेल तर कमी-जास्त पत्रकही. याच ऑफिसात शेतवार पत्रक, पक्का बुक आणि रिव्हिजनची प्रतिबुकं असतात. मूळ मोजणीनंतर फेरमोजणी झालेल्या गावात सर्व्हे नंबरही बदललेले असतात. उर्दू कागदात तिथे 'साबिक' म्हणजे आधीचा नंबर आणि 'हाल' म्हणजे चालू नंबर असे दोन रकाने दिसतात. साबिक नंबर टिपून न घेतल्यामुळे शोध तुटतो, ही या कामातली सगळ्यांत नेहमीची चूक. मोजणी ऑफिसला पाचपैकी साडेतीन. कागद भक्कम असतात, पण रजिस्टरचं नेमकं नाव सांगितल्याशिवाय हलत नाहीत.

तहसिलीची रेकॉर्ड रूम हा या सगळ्याचा कणा आहे. मराठवाड्यापुरतं सांगायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमीन कुणाच्या नावे आणि कुणाच्या ताब्यात याची नोंद, हा मधला दगड. त्याच्या पुढे बहुतेक मराठी, मागे उर्दू आणि मोडी. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून एकाच अर्जात दहा गोष्टी मागू नका. एक गाव, एक सर्व्हे नंबर, एक रजिस्टर, एक साल. 'खासरा पत्रक १९५४-५५, सर्व्हे नं. ४७, मौजे अमुक, तालुका तमुक' एवढं लिहिलं की शोधणाऱ्याला बस्ता उघडून पान काढता येतं. 'आमच्या घराण्याच्या सर्व जुन्या नोंदी द्याव्यात' असा अर्ज टेबलावरच पडून राहतो. नकलेच्या अर्जाला दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे: अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. तोंडी 'नाही' कधीच घेऊ नका. रजिस्टर फाटलंय, वाळवी लागलीय, जिल्ह्याला पाठवलंय, जे असेल ते लेखी घ्या. त्या पत्रावरच पुढच्या कचेरीत उभं राहता येतं.

खासऱ्याची एक ओळ जवळून बघू. समजा सर्व्हे नं. ४७, क्षेत्र १२ एकर ८ गुंठे, पट्टेदार (जमीन ज्याच्या नावे तो) 'रामा वल्द गोविंदा', कब्जेदार 'मारुती वल्द रामा'. नवखा माणूस यावरून १९५४ साली रामा हयात होता असं लिहून मोकळा होतो. तसं नाही. मयताचं नाव पट्टेदाराच्या रकान्यात वर्षानुवर्षं तसंच राहायचं, आणि नांगर ज्याचा त्याचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात यायचं. कधी कब्जेदार हा मुलगा नसून कूळ असतो. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू झाल्यावर हा रकाना फार महत्त्वाचा झाला, कारण त्याच्यावरून मालकी फिरली. म्हणून दोन्ही रकाने उतरवून घ्या आणि कब्जेदार कोण याचा पुरावा पुढच्या पाहणी पत्रकात शोधा. गावात 'मारुती वल्द रामा' तिघे असतात हेही धरून चला. त्यांना वेगळं करतो तो सर्व्हे नंबर, शेजारचे खातेदार आणि आकार, म्हणजे जमिनीचा सारा.

आकाराचा एक बारकावा. निजामाच्या वेळचा आकार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात असतो, नंतरचा कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात. दर ७ हालीला ६ कलदार. जुन्या कागदात १४ रुपये आणि नव्यात १२ दिसले, क्षेत्र तेवढंच असेल, तर जमीन तीच आहे, तुकडा पडलेला नाही. हे प्रमाण जुळवून बघायची सवय लावली की अर्ध्या शंका मिटतात.

रेकॉर्ड रूमला एकच गुण देणं अन्यायाचं होईल. एका तालुक्यात गाववार याद्या लावलेले, स्कॅन केलेले बस्ते मिळतात, शेजारच्या तालुक्यात बस्त्याच्या रुमालाची गाठ सोडणाराच नसतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हापासून कुणबी नोंदींसाठी ही दफ्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार स्कॅन चढले. जात कोणतीही असो, हे स्कॅन आधी बघावेत, खेप वाचते. मात्र ते नोंद सापडलेल्या पानांपुरते असतात. तुमच्या गावाचं नाव यादीत नाही म्हणजे गावाचं दफ्तर नाही, असा अर्थ काढू नका.

मग येतो तारखांचा घोळ. निजामाच्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाचं वर्ष असतं, आणि महिने आजर, दै, बहमन, इस्फंदार असे. साल आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लागतं. फसलीत ५९० मिळवले की डिसेंबरअखेरपर्यंतचं इसवी साल येतं, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे आजर १३४५ फसली हा ऑक्टोबर १९३५, आणि त्याच फसलीतला तीर महिना १९३६ मधला. इंटरनेटवर मिळणारी बरीच कोष्टकं उत्तर हिंदुस्थानी फसलीची आहेत, तिथे ५९२-५९३ मिळवतात. ती वापरली की दोन वर्षांचा फरक पडतो आणि बापाच्या मृत्यूच्या आधी वारसाचा फेरफार झालेला दिसू लागतो. मोडी कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, आणि मराठेशाहीतल्या कागदावर सुहूर सन असेल तर ५९९. नकलेवर मूळ साल जसंच्या तसं ठेवून इसवी साल पेन्सिलीने बाजूला लिहावं.

आता खरे पैसे जिथे जातात ते: उर्दू आणि मोडी वाचून देणारे. १८८४ मध्ये निजामाच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. तालुक्यापासून वरचे कागद उर्दूत, तेही घाईच्या शिकस्त वळणात. गावच्या पटवाऱ्याच्या वह्यांत मोडी सापडते. उर्दूत ब, प, त, न यांचा शब्दातला आकार एकच, एक छोटा दात. फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा, आणि शिकस्त लिहिणारा कारकून नुक्ते गाळतो. त्यामुळे 'पवार' हा 'तवार' किंवा 'नवार' असाही वाचता येतो. ग आणि क यांत एका जादा रेघेचा फरक, ती सुटली की 'गायकवाड' 'कायकवाड' होतो. ळ अक्षरच नाही, म्हणून 'शेळके' 'शेलके' आणि 'काळे' 'काले' होऊन बसतात. ण चा न होतो. द आणि ड यांच्यात डोक्यावरची बारीकशी खूण. ती राहिली, वर मधल्या अक्षराचा दात बुजला, की 'शेंडे' 'शिंदे' होतात, आणि इथे चूक म्हणजे घराणंच बदललं. मोडीची अडचण वेगळी: शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आणि बापाचं नाव कुठे संपून गावाचं कुठे सुरू झालं हे सरावानेच कळतं.

अशा कागदावर चांगला वाचक आणि वाईट वाचक यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाईट वाचक आधी विचारतो, 'तुमचं आडनाव काय?' आणि तेच बसवून देतो. त्याचं भाषांतर सुरेख दिसतं, अर्जाला जोडता येतं, आणि जात पडताळणीत दक्षता पथकाने मूळ पान दुसऱ्याकडून वाचून घेतलं की कोसळतं. चांगला वाचक अर्थाआधी लिप्यंतर देतो, अक्षराला अक्षर, ओळीला ओळ, आणि जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह टाकतो. काम देण्याआधी परीक्षा घ्या. ज्याचा मजकूर आधीच ठाऊक आहे असं एक पान द्या, आडनाव सांगू नका. दर शब्दावर न ठरवता पानावर ठरवा. रकान्यांचे मथळे, वरची शीर्षओळ आणि समासातले शेरे हे सगळं दरात आहे का ते बोलून घ्या, कारण जात, धंदा आणि हद्दीची माहिती बरेचदा शेऱ्यातच असते. फोटो देताना पूर्ण पान, मथळ्याचा भाग आणि तुमची ओळ असे तीन वेगळे द्या, सावली न पडता, सरळ वरून. नुसत्या ओळीचा फोटो दिला तर कोणता रकाना पट्टेदाराचा हेच वाचकाला कळत नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि हैदराबाद इथे जुनी उर्दू वाचणारे चांगले लोक आहेत. त्यांच्यातल्या प्रामाणिक माणसाला पाचपैकी पाच, आणि 'दोन दिवसांत हवी ती नोंद काढून देतो' म्हणणाऱ्याला काम न देणंच बरं. मोडी तर स्वतः शिकावी. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग होतात, आणि स्वतःच्या गावच्या पटवाऱ्याचं वळण सवयीने लवकर डोळ्यात बसतं.

लग्नाच्या नोंदींबद्दल फार आशा ठेवू नका. हिंदू लग्नांची सरसकट नोंदणी अलीकडची. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. त्याआधीच्या लग्नाचा सगळ्यांत चांगला कागद लग्नाचा नसतोच, जमिनीचा असतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुली वारस झाल्या, आणि तेव्हापासूनच्या वारस फेरफारात व हक्कसोडपत्रात लेकींची नावं नवऱ्याच्या नावासकट आणि बऱ्याचदा सासरच्या गावासकट येतात. चार बहिणींचं एक हक्कसोडपत्र म्हणजे चार सोयरिकींचा नकाशा. तो दुय्यम निबंधकाकडे शोधताना सूची १ मागा, ती पक्षकारांच्या नावावरून असते. सूची २ मिळकतीवरून चालते. लोक सवयीने सूची २ च मागतात आणि मग नाव सापडत नाही म्हणतात. दत्तकपत्रंही तिथेच. दत्तकामुळे आडनाव बदललेल्या घराण्यात ही एक नक्कल नसेल तर साखळी जुळतच नाही.

मुसलमान कुटुंबांसाठी काझींकडच्या निकाहाच्या वह्या बघाव्यात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या. जालन्याजवळच्या बेथेलसारख्या वस्त्या तर एकोणिसाव्या शतकातल्या आहेत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा लोकांचा आवडता रस्ता, आणि तो चांगलाही आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर आणि तुळजापूर इथल्या गुरुजी-पुजाऱ्यांकडे गाव, समाज आणि आडनाव यांवरून लावलेल्या नामावळ्या असतात. इथे मात्र जमिनीचा नंबर उपयोगाचा नाही. जाताना गावाचं जुनं नाव, समाज, कुळी, आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा. नोंदीत भाऊ, चुलते, मुलं एकत्र असतात, आणि आडनाव सापडायची शक्यता सरकारी कागदापेक्षा इथे जास्त. मूळ नोंदीचा फोटो काढू द्याल का, हे आधी विचारा. तोंडी सांगितलेली वंशावळ आणि वहीतली ओळ वेगवेगळी लिहून ठेवा. वंशवेलीसाठी पाचपैकी चार, सरकारी पडताळणीसाठी एक.

शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही विसरू नका. कित्येक घराण्यांत आडनाव पहिल्यांदा कागदावर आलं ते मुलाला शाळेत घालताना. 'पाटील', 'कुलकर्णी', 'देशमुख' ही वतनाची नावं कुणाची आडनावं झाली, गावाला 'कर' लावून कुणी नाव घेतलं, एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी का, याचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो. सख्ख्या भावांच्या दोन्ही ओळी मागा, एकच मागू नका.

पुराभिलेखागारांचं थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरची शाखा आणि हैदराबादला तारनाक्याचं अभिलेखागार ही वतनदार, इनामदार, जहागीरदार, काझी आणि मठ-देवस्थानांच्या घराण्यांना उपयोगी. मुंतखब (इनाम चौकशीचा निर्णयपत्र), सनदा, अतियातच्या (इनामांच्या) चौकशीचे कागद असतील तर त्यांच्यात वंशावळ मांडलेली सापडू शकते. साध्या कास्तकाराचं नाव तिथे शोधायला जाऊ नये, वेळ आणि गाडीभाडं दोन्ही जातं. गाव जहागिरीत किंवा सर्फेखासात, म्हणजे निजामाच्या खाजगी मुलखात, होतं का, हे आधी तपासा. असेल तर तहसिलीत जुने कागद कमी का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

शेवटचा मुद्दा जिल्ह्याचा. याच्यावर अर्धे अर्ज फुकट जातात. कागद त्या काळच्या जिल्ह्याच्या नावाने लावलेला असतो, आजच्या नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात, किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून १९८२ ला निघाला, जालना जिल्हा १९८१ ला झाला, हिंगोली परभणीतून १९९९ ला. आंबाजोगाई उर्दू कागदात मोमिनाबाद आहे. धाराशिव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आधी नळदुर्ग जिल्ह्याखाली शोधावं. बार्शीकडची हद्द तर निजामाची नव्हतीच. तिथली सोयरीक असेल तर तिकडचा कागद सोलापूरला, मुंबई इलाख्याच्या पद्धतीने, मराठी-मोडीत मिळेल. म्हणून प्रत्येक नकलेच्या पाठीवर चार गोष्टी लिहा: आजचं गाव-तालुका-जिल्हा, त्या सालातला तालुका-जिल्हा, साबिक नंबर-हाल नंबर-गट नंबर, आणि कोणत्या कचेरीतल्या कोणत्या रजिस्टरच्या कितव्या पानावरून नक्कल घेतली ते.